बाळाचे आसन कोणी आणायचे? : परिवहन आयुक्तांस खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



मौजे लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे येथून हे पत्र आपणांस लिहीत आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर आमचे गाव वसले आहे, तो आपल्या दप्तरास अपरिचित नसावा. आषाढी जवळ आली की श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी वाट धरून येथूनच पंढरीस जाते; दिवाळी उलटली की नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस दुहेरी ट्रॉल्यांत रचला जाऊन याच रस्त्याने भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे ओढला जातो; आणि ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्या पालखी महामार्गांची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, त्यांपैकी पाटसपासून तोंडले-बोंडल्यापर्यंतचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आमच्या शिवारातून गेला. रस्ता रुंद झाला, हे चांगले झाले. परंतु त्यावरून धावणाऱ्या मोटारींचा वेग ज्या प्रमाणात वाढला, त्या प्रमाणात त्या मोटारींत बसलेल्या लहान मुलांच्या संरक्षणाची तजवीज मात्र कोणी केली नाही, आणि त्याच उणिवेविषयी आपल्यापुढे काही मांडावे, हा या पत्राचा हेतू आहे.

आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा शिरस्ता अद्याप मोडलेला नाही. मुलगी पुण्यास वा पिंपरी-चिंचवडास नांदत असली तरी सातव्या महिन्यानंतर ती माहेरी येते, बारामतीच्या एखाद्या रुग्णालयात प्रसूत होते, बारसे होऊन सव्वा महिना पुरा झाला की बाळाला घेऊन सासरी परतते; आणि हा शंभर किलोमीटरांहून लांबचा प्रवास, जो तिच्या आईच्या काळी टोपड्या-दुपट्यात गुंडाळलेले मूल छातीशी धरून एस. टी.च्या खिडकीजवळ बसून होत असे, तो आता मोबाइलच्या अ‍ॅपवरून बोलावलेल्या परक्या मोटारीतून होतो. ज्यांना स्वतःची मोटार आहे ते मनात आणले तर मुलासाठी स्वतंत्र आसन विकत घेतील, ते कायमचे बसवूनही ठेवतील. पण ज्यांची मोटार प्रत्येक प्रवासाला निराळी, चालक निराळा आणि ओळख केवळ चार आकड्यांच्या सांकेतिक क्रमांकापुरती, त्यांनी ते आसन आणायचे कोठून, बसवायचे कोणी आणि उतरल्यावर ठेवायचे कोठे, या प्रश्नांना आज उत्तर नाही.

अशी एक मोटार आमच्या गावातून निघत असताना मी जवळ होतो. मागच्या सामानाच्या जागेत सी.एन.जी.ची टाकी असल्यामुळे बाळंतिणीची बॅग, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि घडी केलेला कापडी पाळणा हे सारे मागच्याच आसनावर आले होते. आसनाला रेक्झीनचे नवे कोरे कव्हर शिवलेले होते. बाजूच्या खांबावरून पट्टा लोंबत होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती; पण तो ज्यात अडकवायचा ते बकल कव्हराखाली गाडले गेले होते. "मागं कुणी लावतच नाही हो काका," असे चालक म्हणाला खरा, तथापि मुलगा भला होता; त्याने दोन्ही हातांनी कव्हर उचकटून एक बकल वर काढले, दुसरे काही केल्या सापडले नाही. इतक्यात आजींनी बाळाला घेतले आणि त्या पुढे चालकाशेजारी बसायला निघाल्या, का, तर पुढे वारा लागतो आणि घाटाघाटांत मळमळत नाही. त्यांना अडवले ते चालकानेच. "आजी, पुढं फुगा हाय, लेकराला घेऊन मागंच बसा," असे तो म्हणाला, आणि आजी म्हणाल्या, "माझ्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कुठली रे बाबा?" अखेर आई मागे बसली, बाळ तिच्या मांडीवर, आणि सापडलेला तो एकुलता एक पट्टा तिने स्वतःच्या व बाळाच्या अशा दोघांच्या अंगावरून घेतला. त्या माउलीने जे केले ते काळजीपोटी केले. पण मोटार अकस्मात थांबली असती तर पट्टा आणि आईची छाती यांच्यामध्ये ते मूल चिरडले गेले असते, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते. ना रुग्णालयाने, ना मोटार पाठवणाऱ्या कंपनीने, ना शासनाने.

आजीच्या त्या प्रश्नातील वात्सल्यापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल, परंतु पदार्थविज्ञानाचे नियम वात्सल्याने बदलत नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या ट्रॉलीवर आदळून थांबते, तेव्हा आतील मोकळ्या देहावर होणारा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून खाली पडण्याइतका असतो. दहा किलो वजनाचे मूल त्या वेगातून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचे असेल तर त्याला धरणाऱ्या हातांना सुमारे १४० किलोंचे ओझे पेलावे लागेल, आणि तेही पूर्वसूचनेवाचून. जगातील कोणत्याही आईच्या बाहूंत ते बळ नाही. त्यातही अर्भकाची देहरचना निराळी: नवजात बालकाचे मस्तक त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चतुर्थांश असते आणि ते पेलणारी मान अद्याप कोवळी असते, म्हणूनच पाठ मोटारीच्या तोंडाकडे येईल असे उलटे बसवलेले स्वतंत्र आसन त्याला लागते, जेणेकरून धक्का एकट्या मानेवर न येता पाठ, खांदे आणि डोके यांवर सारखा विभागला जावा. अशा आसनांच्या वापराने अपघातातील अर्भकांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी आणि त्यांहून थोड्या मोठ्या मुलांचे ५४ ते ८० टक्क्यांनी घटतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अहवालांत नमूद केले आहे. पुढच्या आसनासमोरचा हवेचा फुगा प्रौढाचा प्राण वाचवतो, पण पापणी लवण्याच्या आत उसळणारा तोच फुगा मांडीवरील बाळाच्या मस्तकावर आघात करतो. त्या चालकाला हे ठाऊक होते, याचे मला फार समाधान वाटले.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने कलम १९४-ब घातले. त्याच्या दुसऱ्या पोटकलमान्वये चौदा वर्षे पूर्ण न झालेले बालक सुरक्षा पट्ट्याने अथवा बाल-सुरक्षा आसनाने बांधलेले नसताना जो कोणी मोटार चालवील, चालवण्यास लावील किंवा चालवू देईल, त्यास एक हजार रुपये दंड आहे. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. पण या कलमाच्या शब्दयोजनेतील 'अथवा' पाहा: सुरक्षा पट्टा अथवा आसन. प्रौढाच्या मापाचा पट्टा साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीच्या खाली मुलाच्या खांद्यावर न बसता गळ्यावर येतो, कमरेच्या हाडावर न बसता पोटावर सरकतो. आणि जे बसूच शकत नाही अशा अर्भकाला तर तो लावताच येत नाही. म्हणजे सर्वांत लहान, सर्वांत नाजूक जिवासाठी आसन हाच एक मार्ग उरतो, आणि भाड्याच्या मोटारीत ते आसन पुरवणे हे कोणाचे कर्तव्य, यावर हे कलम मौन पाळते. दंड चालकाकडून घ्यायचा. पण दिवसभरात सतरा ठिकाणची सवारी घेणारा, महिन्याच्या हप्त्याने वाकलेला तो तरुण, सामानाची जागा टाकीने अडलेली असताना, तीन वयांच्या मुलांसाठी तीन मापांची आसने मोटारीत घेऊन हिंडणार तरी कसा? आई-बापांनी आणावे म्हटले, तर एका फेरीसाठी काही हजारांची वस्तू घेणे आमच्या भागातील शेतमजुराच्या वा कारखान्यातील कामगाराच्या कुटुंबास परवडणारे नाही. परिणामी हुकूम आहे, पण तो पाळण्याचे साधन कोणाच्याच हाती नाही, आणि म्हणून रस्त्यावरचा हवालदारही, बहुधा माणुसकीनेच, मांडीवरच्या बाळाकडे पाहून मोटार पुढे जाऊ देतो.

मागच्या आसनाविषयीचा आपल्या समाजाचा निष्काळजीपणा हा केवळ खेड्यातल्या अडाणीपणाचा भाग नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्यू पावले, त्यात मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते आणि ते दोघेही दगावले. मोटार उत्तम, रस्ता राष्ट्रीय महामार्ग, माणसे सुशिक्षित. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागील प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा केला. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती सक्ती त्याच्या पुष्कळ आधीपासून होती. एका मोठ्या माणसाच्या मृत्यूने जे भान आले, ते देशात प्रतिवर्षी रस्त्यांवर मरणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंनी यायला हवे होते. केंद्राच्या रस्ते अपघातांवरील २०२२ सालच्या अहवालात ही संख्या साडेनऊ हजारांच्या घरात आहे. त्यांतील कित्येक मुले पायी चालणारी होती, कित्येक दुचाकीवर होती, हे मी जाणतो. पण मोटारीत होती त्यांच्यासाठी उपाय ज्ञात आहे, सिद्ध आहे आणि बाजारात विकत मिळतो, हे सत्य अधिकच बोचणारे आहे.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून खासगी मोटारींच्या मागील दारांना जे छुपे कुलूप असते, ते भाड्याच्या मोटारींत असू नये, असा नियम १ जुलै २०१९ पासून केंद्राने केला. कारण अत्यंत योग्य होते. एकट्या स्त्रीला मोटारीत कोंडून ठेवता येऊ नये. मी त्या नियमाच्या विरुद्ध एक अक्षरही लिहिणार नाही. परंतु त्याचा अर्थ असा की, अ‍ॅपवरून बोलावलेल्या मोटारीत दाराशेजारी उभे राहून बाहेरची उसाची गाडी पाहणारे तीन वर्षांचे मूल आणि महामार्ग यांच्यामध्ये केवळ एक खटका उरतो. एका दुर्बल घटकाच्या रक्षणासाठी जे काढून घेतले, त्याची भरपाई दुसऱ्या दुर्बल घटकाला दुसऱ्या मार्गाने करून देणे, हे नियम करणाऱ्याचे कर्तव्य होते. ती भरपाई म्हणजे बांधून बसण्याची सोय. ती अद्याप झालेली नाही.

परदेशांचे दाखले मी जपून देतो, कारण तेथेही सर्वत्र आलबेल नाही. इंग्लंडमध्ये चालकापाशी योग्य आसन नसेल तर टॅक्सीत मुलाला त्यावाचून मागे बसवण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे, आणि तीन वर्षांखालील मुलाला तर पट्ट्याचीही अट नाही. ही सवलत अनुकरणीय मुळीच नव्हे. पण अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणासाठी जाऊन आलेली कोणतीही आजी सांगेल की मोटारीत आसन बसवलेले आहे याची खात्री पटल्यावाचून तेथील रुग्णालये सहसा नवजात बाळाला घरी सोडत नाहीत. आणि न्यूयॉर्क शहरात उबर कंपनी जादा आकार घेऊन बाल-आसनासह मोटार पाठवण्याची सोय देते. एका शहरात जे जमते ते त्याच कंपनीला दुसऱ्या शहरात जमणार नाही, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. आसनाच्या गुणवत्तेचा प्रश्नही सुटलेला आहे, ए.आय.एस. ०७२ हे भारतीय मानक त्यासाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या भारत एनकॅप या मोटार-सुरक्षेच्या चाचणीत मोटारीला मुलांच्या संरक्षणाचे गुण प्रौढांपेक्षा वेगळे दिले जातात. मोटार तयार आहे, मानक तयार आहे, आसन तयार आहे. या तिघांची गाठ घालून देणारे कोणी नाही.

ती गाठ आपण घालून द्यावी, अशी माझी प्रार्थना आहे, आणि तसा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९३ ने राज्यास दिलेला आहे. अ‍ॅपवरून मोटारी पुरवणाऱ्या कंपन्यांना परवाना राज्य देते आणि त्या परवान्याच्या अटीही राज्य ठरवते. केंद्राने २०२० साली व पुनः २०२५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालकाची पडताळणी, त्याचे प्रशिक्षण, विमा, भाड्याची मर्यादा अशा अनेक गोष्टींचा ऊहापोह आहे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये आपले धोरण जाहीर केले. या चौकटीत एवढेच जोडावे की, मोटार मागवताना सोबत मूल आहे का व त्याचे वय काय, हे कंपनीने विचारलेच पाहिजे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर वयानुरूप आसन मोटारीसह पाठवणे ही जबाबदारी चालकाची नव्हे, प्रवाशाची नव्हे, परवानाधारक कंपनीची राहील. प्रत्येक मोटारीत आसन ठेवण्याची गरज नाही. पुणे विमानतळ, स्वारगेट, बारामती, इंदापूर अशा ठिकाणी आसनांचा साठा असावा, चालकाने तेथून उचलावे, दुसऱ्या टोकाला जमा करावे. त्याचा आकार वाजवी असावा आणि तो सरकारने ठरवावा, कारण मुलाच्या जिवावर गर्दीच्या वेळचा वाढीव दर लागू झालेला मला बघवणार नाही.

दुसरी विनंती त्या रेक्झीनच्या कव्हराविषयी. भाड्याच्या मोटारीचे योग्यता प्रमाणपत्र नवे करताना आपले निरीक्षक दिवे, ब्रेक, टायर पाहतात. त्याच वेळी मागच्या आसनावरील प्रत्येक बकल हाताने लावून पाहावे, आणि ते कव्हराखाली दडपलेले आढळल्यास प्रमाणपत्र रोखून धरावे. याला नवा कायदा नको, निधी नको. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे होईल, आणि त्याचा लाभ मुलांइतकाच मोठ्यांनाही होईल. वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेऊन धावणाऱ्या, ज्या जीपगाड्यांतून आमच्या अंगणवाडीतील मुले आईबरोबर बाजाराला जातात, आणि ज्यांच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांना पट्टे मुळातच नसतात, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण एस. टी. पुरेशा फेऱ्या घालत नाही तोवर गरिबाला दुसरे वाहन नाही. पण त्या बाकावर कडेवरच्या मुलासह स्त्रीला बसवू नये, तिला पट्टा असलेल्या मधल्या रांगेतच जागा द्यावी, एवढे तरी फर्मान निघावे.

तिसरी गोष्ट सार्वजनिक आरोग्य विभागाशी मिळून करावयाची आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेला व तिच्या बाळाला मोफत घरी पोहोचवण्याची हमी दिलेली आहे; त्यासाठी १०२ क्रमांकाची वाहने गावोगाव धावतात. म्हणजे या राज्यात जन्मणाऱ्या असंख्य बालकांचा पहिला मोटारप्रवास शासनाच्याच वाहनातून होतो. तो प्रवास उलट्या बसवलेल्या अर्भक-आसनातून झाला, तर आईला, आजीला आणि चालकाला मिळणारा धडा शंभर भित्तिपत्रकांना जमणार नाही. त्याच रुग्णालयातून गरजू कुटुंबांना सहा महिन्यांच्या मुदतीवर नाममात्र अनामत घेऊन आसन देण्याची व्यवस्थाही होऊ शकेल. मूल मोठे झाले की आसन परत, आणि पुढच्या बाळाला तयार.

हे अव्यवहार्य आहे असा शेरा मारून कागद दप्तरी दाखल होण्याची मला भीती वाटते, म्हणून आपल्याच खात्याचा एक दाखला देतो. शाळेच्या बसमध्ये मदतनीस हवा, वेगाला मर्यादा हवी, प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, असे नियम महाराष्ट्राने २०११ साली केले, तेव्हाही ते अव्यवहार्यच म्हटले गेले असतील. अंमलबजावणीत आजही उणिवा आहेत, पण शाळेच्या दारात उभी राहणारी बस पूर्वीसारखी बेवारस राहिली नाही, हे कोणीही मान्य करील. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत जाताना राज्याने जे संरक्षण दिले, ते दीड महिन्याच्या मुलाला घरी जाताना नाकारण्यास आधार काय?

या पत्राच्या कक्षेबाहेरचे, पण मनातून न जाणारे एक दृश्य येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. हंगामाच्या आरंभी मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मालमोटारी या रस्त्यावरून उतरतात, तेव्हा पत्रे, भांडी आणि गाद्या यांच्या ढिगावर, सर्वांत उंच, लहान मुले बसलेली असतात. त्यांना आसन द्या असे म्हणण्याचे धाडसही होत नाही; त्यांना आधी प्रवासी वाहन द्या, एवढेच म्हणता येते. कारखान्यांनी मजुरांच्या कुटुंबांना बसने आणावे, अशी सूचना आपण साखर आयुक्तांना लिहून कळवावी.

या पत्राच्या वाचकांपैकी जे आई-बाप आहेत, त्यांना आसन मिळेपर्यंत एवढे सांगणे आहे. मूल पुढे बसवू नका. स्वतःचा पट्टा स्वतःपुरता लावा, एकाच पट्ट्यात मुलाला घेऊ नका. मोटार मागवल्यावर चालकाला फोन करून मागची बकले वर काढून ठेवायला सांगा आणि चार-पाच वर्षांचे मूल असेल तर त्याला स्वतंत्र जागेवर बसवून पट्टा लावा. सहा महिन्यांखालील बाळाला घेऊन लांबचा प्रवास करायचाच असेल तर आप्तेष्टांत कोणाकडे आसन आहे का, याची आधी चौकशी करा; बारशाला येणाऱ्या पाहुण्यांनी चांदीच्या वाळ्यांऐवजी वर्गणी काढून एक आसन आणले, तर त्याहून मोठा आहेर नाही. चालकाला वेग कमी करायला सांगण्याचा संकोच मुळीच बाळगू नका.

आयुक्त महोदय, परवान्याच्या अटींत बाल-आसनाची जबाबदारी कंपनीवर टाकणारे कलम घालावे, योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत मागील बकलांचा समावेश करावा, आणि या दोन्ही गोष्टींचा मसुदा येत्या ऊस हंगामापूर्वी, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागण्याच्या आत, हरकती व सूचनांसाठी जनतेपुढे ठेवावा, ही लासुर्ण्याहून आपणांस कळकळीची विनंती.

कळावे.

आपला नम्र,
लासुर्णे येथील एक नागरिक